पहिली गाडी, तीही जुनी: सहा महिन्यांचा हिशेब

जून २०२५ मध्ये मिरजेत बाबांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना घरी आणताना रिक्षात बसवायला तिघांना हातभार लावावा लागला. पाय वाकत नव्हता, रिक्षाची मागची जागा अरुंद होती आणि सांगलीच्या गावभागातील आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता उकरून ठेवलेला होता. पुढचे तीन महिने आठवड्यातून तीनदा व्यायामोपचारासाठी मिरजेला न्यायचे होते, त्यामुळे त्या रात्री जेवताना गाडीचा विषय निघाला आणि या वेळी कोणीही तो हसण्यावारी नेला नाही. मी तासगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. रोजचे जाणे-येणे एसटीने होते आणि गावातल्या गावात स्कूटर पुरते. चारचाकीचा परवाना २०१४ सालीच काढलेला होता, पण त्यानंतर स्टिअरिंगला हात लावण्याची वेळ आली नव्हती. आमच्या घरात याआधी कोणीही गाडी घेतलेली नसल्याने विचारायचे तरी कोणाला, इथपासूनच प्रश्न होता. जूनमध्ये सुरू झालेले हे काम डिसेंबरात संपले. त्यात काय कळले, कुठे अडले आणि पैसे कशावर गेले ते क्रमाने लिहीत आहे. पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्या एखाद्याचा एक हेलपाटा जरी वाचला, तरी लिहिल्याचे सार्थक होईल.

आधी पैशांचे सांगते. शिक्षकांच्या पतसंस्थेतून दोन लाखांचे कर्ज मिळत होते आणि एक ठेव मोडून सव्वादोन लाख उभे राहत होते, म्हणजे सगळा आवाका सव्वाचार लाखांचा. नव्या गाडीची शोरूममधील किंमत आणि ती दारात आणेपर्यंतचा खर्च यांत किती अंतर असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के कर एकरकमी भरावा लागतो आणि २०१८ पासून नव्या गाडीसोबत तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. जुन्या गाडीचा कर पहिल्या मालकाने भरलेलाच असतो. त्यामुळे जुनीच गाडी घ्यायची, हे जूनअखेर ठरून गेले. जुन्यातील विश्वासाची गाडी कशी ओळखायची, हे मात्र ठरले नव्हते, आणि पुढचे तीन महिने त्यातच गेले.

महाविद्यालयातील एका सहकाऱ्याने त्याच्या ओळखीच्या मिस्त्रींची गाठ घालून दिली. गाडी तपासून देण्याचे दर गाडीमागे पाचशे रुपये घ्यायचे, गाडी आवडो न आवडो, असा त्यांचा सरळ व्यवहार होता. हे पाचशे रुपये देताना पहिल्यांदा माझा हात आखडला होता, हे कबूल करते. एकूण दोन हजार रुपये त्यांना दिले आणि संपूर्ण खरेदीत याहून सत्कारणी लागलेला खर्च दुसरा नाही.

पहिली गाडी १३ जुलै रोजी पाहिली. २०१८ सालची, पासिंग एमएच-१०, म्हणजे सांगलीचे, मागणी दोन लाख नव्वद हजार. त्या सालातील तशाच गाड्यांपेक्षा हा आकडा पन्नास-साठ हजारांनी कमी होता आणि मला तर ते नशीबच वाटले. रंग चकचकीत होता, सीटला नवी कव्हरे होती, आत अत्तराचा वास दरवळत होता. मिस्त्रींनी इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. ते चालकाच्या शेजारच्या जागेवर बसले आणि मला म्हणाले, "पट्टा ओढा मॅडम. थांबू नका, शेवटपर्यंत ओढा. सीट धुत्यात, गालिचा बदलत्यात, पट्टा कोण बदलत न्हाई." सीटबेल्ट संपूर्ण बाहेर आला, तेव्हा एरवी गुंडाळीत दडून राहणाऱ्या त्याच्या शेवटच्या वीतभर भागावर तपकिरी रंगाची आडवी रेघ दिसली. मग त्यांनी मागची डिकी उघडून स्टेपनी उचलली आणि खालच्या खोलगट भागातील कोपरा मला बोटाने चाचपायला लावला. बोटाला मैद्यासारखी मऊ, करडी-तपकिरी माती लागली.

ती माती मला कोणी ओळखून दाखवण्याची गरज नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. आमच्या घरात छातीइतके पाणी होते आणि ते उतरल्यावर आम्ही आठ दिवस हाच गाळ घमेल्याने बाहेर काढत होतो. कपाटांच्या खाचांतून, शिलाई मशीनच्या पेटीतून तो पुढे वर्षभर निघत राहिला. अत्तराच्या वासाखाली दुसरा एक वास होता, तोही आता कळला. विक्रेत्याला मी एवढेच विचारले की गाडीला पाणी लागले होते का, आणि त्याने "छे, छे, गाडी पहिल्या मजल्यावरच्या पार्किंगला असायची" असे सांगितले. परतताना मिस्त्री म्हणाले की पाणी लागलेली गाडी आज सुरू होते, उद्याही होते, पण वायरिंगच्या जोडांत शिरलेला गंज कधी दगा देईल हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. पंचगंगेच्या आणि कृष्णेच्या काठच्या शहरांतच नव्हे, तर पुण्याची गाडी घेतानाही हे पाहावे, कारण २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील वसाहतींत पाणी शिरले, तेव्हा तिथल्या गाड्याही बुडाल्या होत्या.

त्या दिवसापासून माझे एक मत पक्के झाले की गाडी किती चकाकते, यापेक्षा तिचे आजवरचे आयुष्य कुठून कुठून वाचता येते हे पाहायचे आणि ते जिथे वाचता येणार नाही तिथून निघून यायचे.

पुण्यातील माझ्या भावाने फोनवरून आणखी एक अट घातली. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, परंतु शेजारच्या प्रवाशासाठीची एअरबॅग सर्व मोटारींना सक्तीची झाली ती ३१ डिसेंबर २०२१ पासून. तोपर्यंत अनेक स्वस्त श्रेणींत ती नसायची किंवा जादा पैसे मोजून घ्यावी लागायची. माझ्या शेजारच्या जागेवर बाबा बसणार होते, तेव्हा गाडी २०२२ ची किंवा त्यानंतरची हवी, हे ठरले. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी कारखान्यातूनच असते, त्यामुळे जुन्या गाड्यांना ती बसवून घेण्यासाठी तेव्हा चाललेली धावपळही यातून आपोआप टळत होती.

दुसरी गाडी २४ ऑगस्टला पाहिली आणि तिने मला आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, वाचायला शिकवले. विक्रेत्याने जाहिरातीत "२०२२ मॉडेल" असे लिहिले होते आणि नोंदणीची तारीख खरोखरच जानेवारी २०२२ ची होती. पण आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष स्वतंत्र छापलेले असते, आणि तिथे ऑक्टोबर २०२१ होते. डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर एअरबॅगचा शिक्काही नव्हता. विक्रेता खोटे बोलला असे म्हणता येणार नाही. मी योग्य ओळ वाचली, एवढेच.

याच सुमारास एका वाहनचालन प्रशिक्षण केंद्रात पंधरा दिवस शिकवणी लावली. चार हजार पाचशे रुपये, रोज सकाळी सव्वासहा ते सात. क्लचवरचा पाय स्थिर व्हायला नऊ दिवस लागले. परवाना जवळ असूनही पुन्हा शिकायला जाण्याची लाज वाटत असेल तर ती सोडावी, कारण आमच्या तुकडीतील पाच जणांपैकी चौघांकडे परवाना आधीच होता.

ऑगस्टमध्ये आणखी एक गोष्ट घडली. १५ ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी वस्तू व सेवा कर कमी होण्याची घोषणा केली, ३ सप्टेंबरला परिषदेने निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून लहान मोटारींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर येणार हे निश्चित झाले. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरणारच, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. म्हणून महिनाभर खरेदी थांबवायची असे आम्ही ठरवले. पाहणे मात्र चालू ठेवले.

म्हणूनच १४ सप्टेंबरला तिसरी गाडी पाहिली, कोल्हापूर रस्त्यावरील एका जुन्या गाड्यांच्या दुकानात. रनिंग ४१,९०० किलोमीटर असे मीटरवर दिसत होते. दुकानदार गाडीच्या देखभालीची कागदपत्रे "मूळ मालकाकडे राहिली" असे सांगत होता. मिस्त्रींनी चालकाचा दरवाजा उघडला, चौकटीच्या आतल्या अंगाला बोट लावले आणि मला जवळ बोलावले. तिथे ऑइल बदलल्यावर गॅरेजवाले चिकटवतात तो लहानसा कागद होता, अर्धा खरवडलेला. त्यावर निळ्या पेनाने मार्च २०२४ ची तारीख आणि पुढे ६४,३०० हा आकडा होता. दीड वर्षात गाडी बावीस हजार किलोमीटर मागे गेली होती. दुकानदाराला तो कागद दाखवला, तेव्हा त्याने माझ्याकडे न पाहता नखाने तो उरलेला भागही खरवडून टाकला. या गाडीचे पाचशे रुपये घेताना मिस्त्री संकोचले, कारण त्यांना तिथे तीन मिनिटेही लागली नव्हती.

दसरा २ ऑक्टोबरला होता. सगळ्या ओळखीच्यांचा आग्रह होता की मुहूर्तावर गाडी दारात यावी. मलाही मोह झाला होता आणि एक बऱ्यापैकी गाडी घाईने पसंत करण्याच्या बेतात मी होतेही. बाबा तेवढे म्हणाले, "दसरा दरवर्षी येतो, गाडी नाही." घाई मोडली.

चौथी गाडी ५ ऑक्टोबरला मिरजेत पाहिली आणि तीच आज दारात आहे. वॅगन-आर, पेट्रोल, ९९८ सीसी, उत्पादन जानेवारी २०२२, नोंदणी फेब्रुवारी २०२२, पासिंग एमएच-१०, रनिंग २९,४००. मालकीणबाई रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. डोळ्यांच्या तक्रारीमुळे त्यांनी रात्रीचे, आणि मग दिवसाचेही, गाडी चालवणे सोडले होते. मिस्त्रींच्या सांगण्यावरून मी त्यांना आदल्या दिवशी विनंती केली होती की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नये. सकाळी सात वाजता पोहोचल्यावर मिस्त्रींनी प्रथम बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट गार होते. गार इंजिन पहिल्या फटक्यात सुरू होते का, धूर येतो का, खडखडाट होतो का, हे गरम इंजिनात लपते.

काकूंनी प्लास्टिकची एक फाईल आणून टेबलावर ठेवली. तिच्यात पहिल्या मोफत सर्व्हिसिंगपासूनची सगळी बिले तारखेप्रमाणे लावलेली होती आणि प्रत्येक बिलावर त्या दिवशीचे किलोमीटर. ११ महिन्यांनी ७,१००, मग १४,९००, मग २१,८००, मग २८,०००. आकडे आपल्या चालीने वाढत गेले होते, कुठे उडी नाही, कुठे माघार नाही. टायरच्या कडेवर एका लंबगोलात चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. पाचही टायरांवर ४८२१ होते, म्हणजे २०२१ चा ४८ वा आठवडा, आणि गाडी जानेवारीत बनलेली असल्याने हिशेब जुळला. विम्याच्या कागदावर दावा न केल्याबद्दलची सवलत ३५ टक्के लिहिलेली होती. ही सवलत पहिल्या विनादावा वर्षानंतर २० टक्के, दुसऱ्यानंतर २५ आणि तिसऱ्यानंतर ३५ टक्के मिळते, म्हणजे फेब्रुवारी २०२५ च्या नूतनीकरणापर्यंतच्या तीन वर्षांत एकही दावा झालेला नव्हता. मागचा डावा दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे, हे मिस्त्रींच्या लक्षात येण्याआधीच काकूंनी सांगितले: "फाटकाला घासली होती गं मीच. तीन हजार आठशे गेले, बिल आहे बघ त्यात." बिल होते.

गाडी मी वीस मिनिटे चालवली, एसी लावून, रेल्वे उड्डाणपुलाच्या चढावर थांबवून पुन्हा उचलून, आणि मोकळ्या रस्त्यावर क्षणभर स्टिअरिंग सैल सोडून ती एका बाजूला ओढते का ते पाहून. क्लच थोडा वर लागत होता. पुढचे दोन टायर वर्षभरात बदलावे लागतील असे मिस्त्री म्हणाले. दुपारी बाबांना घेऊन पुन्हा गेले. ते दरवाजा धरून पाठमोरे बसले, पाय न वाकवता आत वळवला आणि दहा मिनिटे तसेच बसून राहिले. बैठक उंच असल्याने उतरतानाही आधार लागला नाही. बाबांचा वॉकर मागे मावला. सीएनजीची गाडी घेण्याचा विचार तिथेच मिटला, कारण टाकीने ती जागा खाल्ली असती.

भावाचा आक्षेप इथे नोंदवला पाहिजे. मोटारींची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२३ च्या चाचणीत वॅगन-आरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला होता आणि मुलांच्या सुरक्षेसाठी एकही नाही. हे वाचून मी दोन दिवस अडखळले. बाबांचा गुडघा, सांगली-मिरजेतील वेग, कोणत्याही गॅरेजात मिळणारे सुटे भाग आणि डोळ्यांपुढची ती फाईल एका पारड्यात टाकून मी निर्णय घेतला. रोज महामार्गावर जाणाऱ्याने कदाचित वेगळा घेतला असता. आणि सव्वाचारच्या जागी सहा लाख हातात असते, तर २२ सप्टेंबरनंतर मीही शोरूममध्येच गेले असते, हेही लपवत नाही. बाबांनी वर्तमानपत्रातून इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचीही कात्रणे काढून ठेवली होती. १ एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांचे रबरी भाग त्या मिश्रणासाठी बनलेले नाहीत, ही त्यांची काळजी. मिस्त्रींनी प्रत्येक सर्व्हिसिंगला इंधनाच्या नळ्या तपासायला सांगितले आहे. त्यावर माझ्याजवळ याहून चांगले उत्तर नाही.

ऑगस्टमध्ये काकूंची मागणी चार लाख चाळीस हजार होती. कर उतरल्यावर त्यांनी स्वतःहूनच ती चार लाख दहा केली होती. आम्ही तीन पंचाऐंशी म्हटले आणि तीन पंचाण्णव हजारांवर जमले. ८ ऑक्टोबरला अकरा हजार रुपये टोकन बँकेतून दिले आणि साध्या कागदावर किंमत, गाडीचा क्रमांक, कागदपत्रे कधीपर्यंत द्यायची आणि व्यवहार फिसकटल्यास टोकन परत, असे लिहून दोघींनी सह्या केल्या.

माझी चूक यानंतर उघडी पडली. आरसीची मागची बाजू मी पाहिलीच नव्हती. तिथे एका बँकेचे नाव होते, म्हणजे गाडीवर कर्जाचा बोजा चढलेला होता. काकूंनी कर्ज २०२४ मध्येच फेडले होते आणि "फेडले म्हणजे झाले" अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ परिवहन कार्यालयात देऊन तो बोजा उतरवून घ्यावा लागतो. त्यांना मिळालेल्या पत्रावर तीन महिन्यांची मुदत छापलेली होती आणि ती केव्हाच उलटून गेली होती. नव्या पत्रासाठी ९ ऑक्टोबरला अर्ज केला. मध्ये दिवाळी आली. शाखेने सांगितले की पत्र मुख्य कार्यालयातून येते. मी फोन करत राहिले आणि ३ नोव्हेंबरला पत्र हाती आले. हे पंचवीस दिवस फार जड गेले. टोकन अडकलेले, पतसंस्थेचे व्याज सुरू झालेले, आणि बाबांना मिरजेला नेण्यासाठी दर वेळी रिक्षा. टोकन देण्याआधी आरसी उलटून पाहिली असती, तर पत्राचा अर्ज दोन दिवस आधी गेला असता आणि टोकन तरी अडकले नसते.

दुसरी गाठ लहान होती. परिवहनच्या संकेतस्थळावर मालकी हस्तांतरणाचा अर्ज करताना ओटीपी मालकाच्या मोबाइलवर जातो, आणि काकूंच्या गाडीच्या नोंदीत मोबाइल क्रमांक त्यांचा नव्हता. गाडी घेताना शोरूममधील कोणीतरी आपलाच क्रमांक टाकून मोकळा झाला होता. चेसिसचा (गाडीच्या सांगाड्याचा) आणि इंजिनाचा क्रमांक टाकून तो आधी बदलून घ्यावा लागला. मग ६ नोव्हेंबरला हस्तांतरण आणि बोजा उतरवणे असा एकत्रित अर्ज भरला. हस्तांतरणाचे शुल्क तीनशे रुपये, स्मार्ट कार्डाचे दोनशे आणि टपालखर्च वेगळा. गाडीवर दंडाच्या पावत्या थकलेल्या नाहीत ना, हे राज्याच्या ई-चलनाच्या संकेतस्थळावर आधीच पाहिले होते. एक होती, नो-पार्किंगची, ती काकूंनी माझ्यासमोरच भरली.

उरलेली रक्कम बँकेचे पत्र हातात आल्यावर आणि मालकी हस्तांतरणाच्या नमुना २९ च्या दोन प्रती व नमुना ३० यांवर सह्या झाल्यावरच दिली. काकूंना कोणीतरी सल्ला दिला होता की कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून देऊन टाका, पुढचे घेणारा बघेल. तसे करू नका, असे मीच त्यांना सांगितले. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरण कळवायचे असते, आणि नोंदीत ज्याचे नाव असेल तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. ७ नोव्हेंबर, सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटे, मीटर २९,५६२, अशी नोंद असलेली डिलिव्हरी नोट आम्ही दोन प्रतींत केली. त्या मिनिटानंतरचे चलन माझे, आधीचे त्यांचे.

अर्जावर चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो. पत्र्यावर कोरलेल्या अंकांवर पातळ कागद धरून त्यावर पेन्सिल आडवी घासायची, लहानपणी नाण्याचा ठसा घ्यायचो तशी. मी ते घरीच केले आणि १० नोव्हेंबरला परिवहन कार्यालयात कागदपत्रे दिली. खिडकीवरच्या बाईंनी ठसा उजेडाकडे धरून पाहिला आणि परत केला, कारण दोन अंक उमटलेच नव्हते. माझी पेन्सिल कडक होती. मऊ शिशाची ६बी पेन्सिल, आणि बटर पेपरऐवजी पतंगाचा कागद, हे मिस्त्रींचे शास्त्र त्या संध्याकाळी कळले. १३ तारखेला पुन्हा गेले तेव्हा कागद स्वीकारले गेले. बाहेर एजंट हेच काम तीन हजारांत करून देत होते. ज्यांना रजा मिळत नाही त्यांनी तो मार्ग घेतला तर मी दोष देणार नाही. माझ्या दोन अर्ध्या रजा गेल्या आणि कागद कुठे अडतो हे समजले.

विम्याचे काम मात्र थांबवू नये. गाडी हातात आल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून विमा आपल्या नावावर करून घ्यायचा असतो, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. दावा न केल्याची ती ३५ टक्के सवलत गाडीची नसते, माणसाची असते. ती काकूंबरोबर गेली आणि उरलेल्या महिन्यांपुरता फरक मला भरावा लागला, सातशे चाळीस रुपये. १८ नोव्हेंबरला विमा माझ्या नावावर झाला, २१ ला हस्तांतरण मंजूर झाल्याचा संदेश आला आणि ४ डिसेंबरला पोस्टमनने आरसी दिली. बाबांनी ती चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचली. मागची बाजू कोरी होती.

तीन लाख पंचाण्णव हजार, मिस्त्रींचे दोन हजार, शिकवणीचे साडेचार हजार, पुढच्या दोन टायरांचे सात हजार सहाशे, ऑइल आणि फिल्टर बदलण्याचे तीन हजार दोनशे, विमा आणि सरकारी शुल्क धरून तेराशेच्या आसपास. म्हणजे चार लाख साडेतेरा हजारांच्या घरात. टायर वर्षभर थांबले असते, पण डिसेंबरात पुण्याला जायचे होते म्हणून आधीच बदलले.

१३ डिसेंबरला, शनिवारी, बाबांना घेऊन पुण्याला भावाकडे निघाले. महामार्गावरचा माझा पहिलाच लांबचा प्रवास. पेठ नाक्यापर्यंत हात घट्ट होते, कराडच्या पुढे जरा सैल झाले. तासवड्याच्या टोलवर काचेवरचा फास्टॅग वाचला गेला, आडवा दांडा वर झाला आणि आम्ही पुढे निघालो. दोन मिनिटांत फोन वाजला, तो बाबांनी उचलला. काकू होत्या.

"अगं, तासवड्याला पोहोचलीस वाटतं. माझ्या खात्यातून पैसे गेले बघ आत्ता."

आरसी, विमा, बोजा, मोबाइल क्रमांक, सगळे बदलले होते आणि काचेवरचा तो चिकटवलेला तुकडा मात्र त्यांच्याच बँक खात्याला जोडलेला राहिला होता. फास्टॅग गाडीबरोबर हस्तांतरित होत नाही. विकणाऱ्याने आपला बंद करायचा आणि घेणाऱ्याने स्वतःच्या नावाने नवा घ्यायचा. तो तिथेच काढून टाकावा, तर १५ नोव्हेंबर २०२५ पासून फास्टॅग नसलेल्या गाडीला रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल भरावा लागत होता. मी काकूंना म्हटले, की परतीपर्यंतचे सगळे टोल लिहून ठेवते आणि सोमवारी तुमच्या खात्यात जमा करते. त्या म्हणाल्या, "कर सावकाश. आणि आनेवाडीला चहा घे, तिथला संदेश आला की मला कळेलच."

आनेवाडीला आम्ही चहा घेतला.